गळका मास्क

खोक्यातला मास्क ड्रायव्हरने उचलला, नाकाजवळ नेला आणि तोंड फिरवलं. "कुणाची तरी थुंकी वाळलीय आत."

"शी," अग्निशमन पथकाचा प्रमुखही तोंड वाकडं करत म्हणाला. "कुत्रंसुद्धा हुंगणार नाही असला माल देतात आपल्याला."

माल खरोखरच ओंगळ होता. पट्ट्यांवर काळी बुरशी, काचेच्या कडेला शेंबडाचा वाळका पापुद्रा. एकाने काढला की दुसऱ्याने घालायचा, मधे कुणी साधं फडकंही फिरवत नसे. लोकांचे जीव वाचवणाऱ्यांची खात्याला एवढीच पर्वा होती.

आठ दिवसांपूर्वी त्यांच्यातलाच एक, ज्याला सगळे पैलवान म्हणत, असलाच मास्क लावून मैल्याच्या टाकीत उतरला होता. आत सफाई कामगार बेशुद्ध पडला होता. पैलवानाने त्याला दोर बांधून वर दिलं आणि स्वतः तिथेच कोसळला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या नाकातोंडात मैला भरलेला होता. बायकोने बघण्याआधी प्रमुखाने तो स्वतःच्या बोटांनी काढला. त्या दिवसापासून त्याला जेवण जात नव्हतं.

वायू मोजायचं यंत्र पाच महिने बंद होतं. मैल्याची घाण सगळ्यांनाच येते, पण तिच्यातून सडक्या अंड्यांचा वास वेगळा काढणं हे प्रमुखाचं काम. तो वास म्हणजे विषारी वायू, आणि त्यात हवेच्या सिलिंडरशिवाय उतरायचं नाही. एकवीस वर्षं तो टाक्यांच्या तोंडाशी वाकत आला होता. त्या दिवशीही वाकला आणि म्हणाला, "नुसता गाळ आहे. साधा मास्क पुरे, सिलिंडर नको."

मास्क गळका निघाला, दुसरं काय, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

पैलवानाच्या बायकोला मात्र ते लेखी हवं होतं. म्हणून आज डॉक्टरीणबाई तपासणीला आल्या होत्या आणि ती दाराजवळच्या बाकावर बसून होती.

डॉक्टरीणबाईंनी एकेकाला मास्क घालायला लावला आणि समोर उग्र वासाची बाटली उघडली. "आत वास येतोय?"

"नाही," ड्रायव्हर म्हणाला. बाकीचे दोघंही नाहीच म्हणाले. पैलवानाचा मास्क प्रमुखाने घातला होता. त्याने आधी बाकीच्या तिघांकडे पाहिलं. मग त्यानेही नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे मास्क गळत नाहीत?" बाकावरून पैलवानाच्या बायकोने विचारलं.

"तुमची बाटलीच शिळी असेल, बाई," ड्रायव्हर चिडून म्हणाला.

"मग मास्क काढून हुंगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ड्रायव्हरने हुंगलं आणि तोंडावर हात दाबून बेसिनकडे धावला. सकाळचं सगळं बाहेर पडलं. बाकीचे दोघं नाक दाबून खिडकीकडे सरकले.

डॉक्टरीणबाईंनी रुमालाने हात पुसले, पिशवीत काहीतरी चाचपलं आणि बाटली प्रमुखाच्या नाकाखाली धरली. तो झटक्याने मागे सरला, दोनदा थुंकला. डोळे चोळले त्याने.

"सडकी अंडी," तो म्हणाला. "बास, बास. लांब करा ती."

"काका," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "ही दुसरी बाटली आहे. हिच्यात नळाचं पाणी आहे."