मुका बाजा

“खाल्ल्यावर चूळ न भरता बाजाला ओठ लावलास, तर कानाखाली वाजवीन!” माउथ ऑर्गन शिकवणारे पास्कू मास्तर असे ओरडायचे, त्याला जमाना झाला. इनासला तो आवाज अजून लख्ख आठवायचा. पण शेंगदाण्याची चिक्की समोर आली की मास्तर मागे पडायचे.

त्या संध्याकाळी वसईच्या एका हॉटेलात इनास आणि त्याची बायको मार्था यांचा ब्लूज गाण्यांचा कार्यक्रम होता. मार्था गायची आणि इनास वाजवायचा, तोही तिच्या प्रत्येक ओळीवर, लग्नघरातल्या आगाऊ मामासारखा मधेमधे. मार्था सगळं गिळायची. बोललं तर बिचारा बाजाच टाकून देईल, ही तिला धास्ती.

पहिल्याच ओळीला इनासने फुंकर मारली आणि तोंडातला चिक्कीचा चुरा थेट आतल्या पितळी पट्ट्यांत जाऊन बसला. बाजा बदकासारखा एकदाच ओरडला नि मुका झाला. मार्था मात्र गात राहिली. खाडीला भरती चढावी तसा तिचा आवाज चढत गेला आणि लोकांनी हातातले ग्लास खाली ठेवले.

टाळ्या थांबल्यावर इनास तळहातावर बाजा आपटत पुटपुटला, “माफ कर गं. माझ्या खादाडपणामुळे तुला एकटीलाच गावं लागलं.”

“इनास,” मार्था म्हणाली, “आज कितीतरी वर्षांनी मला माझा आवाज ऐकू आला. मी गाते तेव्हा गप्प बसत जा रे. मी श्वास घेते ना, तेवढी जागा तुझी. तिथे जीव ओतून वाजव.”