घुरघुर

सिनेमांसाठी आवाज तयार करण्यात त्याची हयात गेली होती. पडद्यावरच्या मांजराला लागलं की किंकाळी, सुखावलं की घुरघुर, हे गणित त्याला पाठ होतं. बायको गेल्यापासून घरातली म्हातारी मनी सारखी मांडीत येऊन घुरघुरायची. गेल्या महिन्यात एका सिनेमाच्या गोड शेवटासाठी त्याने तिचीच घुरघुर कौतुकाने रेकॉर्ड केली. आज ती जागची उठेना, म्हणून तो तिला दवाखान्यात घेऊन आला. “किडन्या निकामी झाल्यात. गेले चार महिने तरी दुखत असणार,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण ती कधी ओरडली नाही हो. उलट घुरघुरायची.” “सिनेमातली मांजरं ओरडतात, काका. खरी दुखणं लपवतात. सोसवेनासं झालं की घुरघुरून स्वतःलाच धीर देतात.” त्याने मनीला पोटाशी धरलं. ती घुरघुरू लागली. त्याला कान झाकून घ्यावेसे वाटले, पण हात मोकळे नव्हते.