तानूमावशीचं बाकडं

घाटातल्या वळणावर टँकर उलटला होता. केबिनमध्ये ड्रायव्हरचा पाय अडकलेला, खाली डिझेलचा ओघळ. पोलीस, अग्निशमन, अँब्युलन्स, सगळे हजर. गाड्या अडवू का, हे हवालदार वीस पावलांवरच्या अग्निशमनवाल्याला विचारायचं सोडून वायरलेसवर जिल्ह्याला विचारत होता. अग्निशमनवाला आणि अँब्युलन्सवालाही आपापल्या ऑफिसच्या उत्तराची वाट बघत होते.

"अरे, तोंडं नाहीत का तुम्हाला?" वळणावरच्या चहाच्या टपरीवरची तानूमावशी ओरडली. तिने बाकडं रस्त्यात आणून आपटलं. "तिघं इथं बसा. एकमेकांशी बोला. तो मरेल तिकडं!"

"मावशी, पद्धत असते," हवालदार म्हणाला.

"चुलीत घाला ती पद्धत. बसा!"

ते बसले. दोन मिनिटांत ठरलं: आधी गाड्या अडवायच्या, मग डिझेलवर फेस मारायचा, मग पत्रा कापायचा. अर्ध्या तासात ड्रायव्हर स्ट्रेचरवरून मावशीकडे चहा मागत होता.

अहवालात जिल्ह्याच्या साहेबांनी 'उत्कृष्ट समन्वय' लिहून स्वतःची पाठ थोपटली. मावशीचं नाव कुठेच नाही. पण परवा त्याच वळणावर ट्रक घसरला, तेव्हा हवालदाराने वायरलेसला हात लावायच्या आधी टपरीवर फोन केला.

"मावशी, निघालोय. बाकडं बाहेर काढा."