नायक खरा बोलतो

मंजुषाने लिहिलेली प्रेमकथा यवतमाळच्या दिवाळी अंकात छापून आली. नायक अगदी खरा बोलतो, असं जो तो म्हणू लागला. तिचा नवरा कमलाकर मात्र जळफळत होता. निरोपाच्या प्रसंगापाशी त्याने अंक दुमडला आणि थेट चुलीपुढे येऊन उभा राहिला.

"'तू गेल्यावर मी सकाळी उठू कोणासाठी? तिथं कोणी रागावलं तरी उपाशी राहू नको.' हे मनानं सुचत नाही. कोणं म्हटलं हे तुले? नाव सांग त्याचं!"

मंजुषा भाकर थापत राहिली.

"मले कायले कोणी म्हणन?"

"मंग कोणाले म्हटलं?"

"म्हशीले. कापूस बुडाला अन् घाटंजीच्या बाजारात आपली म्हैस इकली ना, तवा तिच्या गळ्यात पडून तुम्हीच म्हटलं. मी बाजूले उभी राहून जळून राह्यलती."

कमलाकरने दुमडलेला अंक पाठीमागे धरला.

तिने भाकर तव्यावर टाकली. "मी माहेरी निघाली, का तुम्ही फक्त यष्टीचा टाइम सांगता."