कॅलिपरवरची कणीक

बाबांनी माझ्या गाडीच्या ब्रेक कॅलिपरवर, चाकाच्या आतल्या लोखंडी ठोकळ्यावर, कणकेचा गोळा थापला, वरून सरळ पट्ट्यावरच्या ड्रॅग रेसचं लहान चाक चढवलं आणि हातानं फिरवलं. कंपनीकडून आलेल्या मोठ्या ब्रेकवर असं चाक बसेल का, हे ते कणकेनंच बघतात. थर शिल्लक राहिला तर जागा आहे. खरवडून लोखंड दिसलं तर चाक घासतंय.

चाक उतरवून ते माझ्याकडे पाठ करून वाकले. "नाही बसत गं. यंदाची रेस राहू दे."

मी खाली बसून पाहिलं. एका जागी लोखंड खरंच उघडं पडलं होतं. पण चाक घासलं की लांब ओरखडा उठतो. इथं नुसता खड्डा होता, आणि त्याच्या काठावर अंगठ्याच्या रेषा उमटल्या होत्या.

गेल्या वर्षी रेसमध्ये उलटलेल्या गाडीतून मला याच हातांनी ओढून काढलं होतं.

"नाही बसत," मी म्हटलं आणि पाना जागेवर ठेवला.

बाबा बराच वेळ अंगठ्याला चिकटलेली कणीक काढत राहिले.

"थांब," मग ते म्हणाले. "घरातून ताजी कणीक आण. पुन्हा बघू."