मुकुट उतरल्यावर

दशावताराचा खेळ संपला तसा बाबलने विष्णूचा मुकुट उतरवून पेटाऱ्यावर ठेवला आणि त्याच्यापुढे कपाळ टेकलं. त्याच्यापुरतं देवपण तिथे संपलं.

वळून बघतो तर एक म्हातारी त्याच्या पायांशी वाकत होती. त्याने चटकन पाय मागे घेतले. “आजी, देव पेटाऱ्यावर आहे. मी नुसता बाबल.”

मागे रांग लागली होती. कंपनीचे मालक चिडले. “पडू दे की पाया! मुकुट घाल परत. लोक तुझ्यासाठी येतात.”

“तीच भीती वाटते, मालक. एक दिवस मलाही ते खरं वाटेल.”

“फार शहाणा झालास. उद्यापासून राक्षसाचं काम कर!”

बाबलने मुकुट फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिला.

“करतो. राक्षसाच्या पाया कुणी पडत नाही.”