पेटीशिवाय उत्तररंग

पेटी वाजवता वाजवता शरयूची नजर पुन्हा समोरच्या कागदाकडे गेली. इंग्रजी व्याकरणाचे सरावप्रश्न. वाक्यातली तिन्ही क्रियापदं एकाच रूपात हवीत, आणि तिचं तिसरं दरवेळी चुकायचं. तेवढ्यात सूर हुकला. कीर्तनाला उभ्या असलेल्या सासऱ्यांनी मागे वळून पाहिलं.

पूर्वरंग संपला. लोकांनी सासऱ्यांना बुक्का लावला, गळ्यात हार घातला. ते सरळ तिच्यापाशी आले. आता सगळ्यांदेखत बोलणी खावी लागणार, म्हणून तिने कागद पदराआड केला.

"परीक्षा कधी आहे?"

"उद्या सकाळी, मामंजी. नोकरीची. वयात बसणारी शेवटचीच."

"मग इथे काय करतेस? घरी जा, अभ्यासाला बस."

"अहो, पण उत्तररंगाला पेटी?"

"माझा सूर देव सांभाळेल. तुझा पेपर मात्र तुलाच सोडवायचाय, पोरी." त्यांनी गळ्यातला हार उतरवून तिच्या ओंजळीत ठेवला.

घरी ती वाक्यं सोडवत बसली. देवळातून आवाज येत होता. मामंजी पेटीवाचून कधी गायले नव्हते. सूर भलतीकडेच चालला होता, पण थांबत नव्हता, आणि सगळं देऊळ टाळ्या वाजवून त्याला सावरत होतं.